अपयश कशाला म्हणायचे, हे कोणी ठरवायचे?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



 ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते, त्या सरांनी आयुष्यभर संगणक आणि नेटवर्क हे विषय शिकवले. एखादी यंत्रणा कशी चालते हे शिकवून झाले की ती बंद पडली तर आपल्याला कळणार कसे, हा प्रश्न ते वर्गाला हमखास विचारायचे आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या धड्याकडे वळायचे नाहीत. आजचा माझा विषय त्याच प्रश्नाच्या पोटात आहे.

कमांड लाइनवर चालणारी बरीच साधने नेटवर्क तपासतात आणि तपासणीचा निकाल शेवटी एका आकड्यातून कळवतात. त्या आकड्याला एक्झिट कोड म्हणतात. कोणत्या परिस्थितीत कोणता आकडा यावा, हे साधन घडवणाऱ्याने कायमचे ठरवून टाकावे, की वापरणाऱ्याला ते ठरवू द्यावे? वरवर पाहता हा प्रोग्रॅमरांचा घरगुती प्रश्न वाटेल. पण आपल्या बँका, रेल्वेची आरक्षणे, रुग्णालयांतल्या नोंदी ज्या नेटवर्कवर चालतात, त्यावर अहोरात्र पहारा असतो तो अशाच छोट्या साधनांचा, आणि पहारेकऱ्याने हाक कधी मारायची हे तो आकडा ठरवतो. माझे म्हणणे आरंभीच सांगतो. अपयशाची व्याख्या करण्याचा अधिकार जबाबदारी घेणाऱ्याच्या हाती असावा. आणि ‘तपासताच आले नाही’ हा निकाल मात्र कोणत्याही सेटिंगने ‘सगळे ठीक आहे’ या निकालात मिसळता येऊ नये.

आकडा आणि त्याचे वाचक

युनिक्स आणि तिच्या वंशातल्या लिनक्स, मॅकओएस यांसारख्या प्रणालींत प्रोग्रॅम संपताना, ज्याने त्याला सुरू केले त्याच्यासाठी एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे काम झाले. शून्याखेरीज काहीही म्हणजे झाले नाही. शेलमध्ये डॉलर आणि प्रश्नचिन्ह ही चिन्हे जोडून लिहिली की नुकत्याच संपलेल्या कमांडचा आकडा मिळतो. त्याला जागा आठ बिटांची, म्हणून तो ० ते २५५ यांच्यातच राहतो.

यशाला एक आकडा आणि अपयशाला २५५, ही वाटणी शहाणपणाची आहे. काम झाले असेल तर पुढे जायचे असते. झाले नसेल तर ते का झाले नाही, यावर पुढची हालचाल अवलंबून असते: थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा, दुसऱ्या वाटेने जायचे, की कोणाला तरी झोपेतून उठवायचे. शेलने काही आकडे स्वतःकडे ठेवले आहेत. कमांड सापडली पण चालवता येत नाही, तर १२६. कमांड सापडलीच नाही, तर १२७. सिग्नलमुळे प्रोग्रॅम मेला, तर १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक. म्हणून कंट्रोल-सी दाबून थांबवलेल्या कमांडचा कोड १३० दिसतो आणि सिग्नल ९ ने जबरदस्तीने मारलेल्या प्रोग्रॅमचा १३७.

पडद्यावरचा मजकूर माणूस वाचतो. हा आकडा मात्र दुसरा प्रोग्रॅम वाचतो: शेलमधला ‘इफ’, सेवा पुन्हा सुरू करायची का ते ठरवणारे ‘सिस्टमडी’, नवी आवृत्ती पुढे जाऊ द्यायची की अडवायची ते ठरवणारी पाइपलाइन, किंवा मॉनिटरिंगची यंत्रणा. या वाचकांना संदर्भ कळत नाही आणि शंकाही येत नाही. जो आकडा हातात पडेल त्यावर ते ताबडतोब कृती करतात. म्हणून तो आकडा कसा ठरतो, हे काळजीने पाहावे लागते.

पिंगचा निकाल

नेटवर्क तपासणीचे सर्वांत ओळखीचे साधन म्हणजे पिंग. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी ते १९८३च्या डिसेंबरात लिहिले. पाणबुडीच्या सोनारचा आवाज त्यांच्या मनात होता; पॅकेट पाठवायचे आणि प्रतिध्वनी येतो का ते पाहायचे. हे साधन माणसाच्या डोळ्यांसाठी घडले होते. ओळीमागून ओळ येते, वेळ दिसते, हरवलेल्या पॅकेट्सची टक्केवारी शेवटी छापली जाते, आणि पाहणारा आपल्या अनुभवाने समजतो. एका वापरकर्त्याने तर पिंगची प्रत्येक ओळ आवाजात बदलून मोठ्या स्पीकरवर लावली आणि इमारतभर फिरून केबलचे जोड हलवून पाहिले, आवाज कुठे तुटतो ते ऐकत. ही हकिकत म्यूस यांनीच नोंदवून ठेवली आहे. तिथे निर्णय कानाचा होता. २००० साली म्यूस यांचे अपघाती निधन झाले. त्यांचे साधन आजही बहुतेक प्रत्येक संगणकात आहे. फरक इतकाच की आता ते माणसापेक्षा स्क्रिप्टच जास्त चालवतात.

स्क्रिप्टला काय मिळते ते नीट पाहू. लिनक्सवरच्या पिंगला ‘-सी १०’ हा पर्याय देऊन दहा पॅकेट्स पाठवायला सांगितले, त्यातली नऊ हरवली आणि एकाचेच उत्तर आले, तर पडद्यावर ९० टक्के पॅकेट्स गेल्याचे छापून येते आणि एक्झिट कोड मात्र शून्य. कारण त्या साधनाच्या लेखी प्रश्न एवढाच होता: पलीकडे कोणी आहे का? एक उत्तर आले, म्हणजे आहे. त्या प्रश्नाला हे उत्तर अगदी बरोबर आहे. पण त्याच वाहिनीवरून एखाद्या डॉक्टरला व्हिडिओवर रुग्ण तपासायचा असेल, तर ९० टक्के पॅकेट्स गमावणारी वाहिनी बंदच म्हटली पाहिजे.

त्याच पिंगला संख्येबरोबर मुदतही द्या, म्हणजे ‘-सी १०’ आणि ‘-डब्ल्यू १५’ असे दोन्ही लिहा, की अर्थ बदलतो. आता पंधरा सेकंदांत दहा उत्तरे आली नाहीत तर कोड १ येतो. साधन तेच, वाहिनी तीच, नुकसानही तेवढेच. वापरणाऱ्याने अट घातली आणि यशाचे अपयश झाले. अपयशाची व्याख्या वापरणाऱ्याच्या हाती देणे म्हणजे काय, याचे हे सर्वांत लहान उदाहरण आहे.

आता हीच स्क्रिप्ट दुसऱ्या यंत्रावर न्या. लिनक्सवर एकही उत्तर आले नाही तर १ आणि इतर कोणतीही चूक झाली, उदाहरणार्थ नाव रिझॉल्व्ह झाले नाही, म्हणजे यंत्राच्या नावावरून त्याचा पत्ता मिळाला नाही, तर २. मॅकवर एकही उत्तर आले नाही तर २, आणि नाव रिझॉल्व्ह झाले नाही तर ६८. म्हणजे २ हा आकडा एका यंत्रावर ‘मला तपासता आले नाही’ असे सांगतो आणि दुसऱ्यावर ‘तपासले, पलीकडून उत्तर नाही’ असे. विंडोजवर वेगळीच अडचण आहे. तिथे आपल्याच संगणकाने किंवा वाटेतल्या राउटरने दिलेला ‘तिथवर पोहोचता येत नाही’ हा निरोपही आलेल्या उत्तरांत मोजला जातो. पॅकेट्सचे नुकसान शून्य टक्के दाखवले जाते आणि एररलेव्हल, म्हणजे विंडोजमधला एक्झिट कोड, तोही शून्य राहतो. पोहोचता येत नाही असे अक्षरशः सांगणारा निरोप यशाच्या खात्यात जमा होतो. पडद्याकडे पाहणारा माणूस याला फसत नाही. फक्त आकडा पाहणारी बॅच फाइल मात्र निश्चिंत राहते.

साधनाचे काम आणि आपले काम

ही गोष्ट पिंगपुरती नाही. डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या ‘डिग’ला अस्तित्वात नसलेले नाव विचारा. ‘असे नाव नाही’ हे उत्तर येते आणि कोड शून्य, कारण सर्व्हरने उत्तर दिले. सर्व्हर गप्प राहिला तरच ९ येतो. डिगचे काम प्रश्न पोहोचवून उत्तर आणण्याचे. उत्तर आपल्या सोयीचे आहे का, हे त्याच्या अखत्यारीत नाही.

स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले ‘कर्ल’ हेच तत्त्व पाळते. वेब सर्व्हरकडून ‘४०४, पान सापडले नाही’ असे आले तरी कर्लचा कोड शून्य, कारण जोडणी झाली, विनंती गेली, उत्तर आले. जोडणीच्या टप्प्यांवर मात्र कर्ल फार बारकाईने बोलते. नाव रिझॉल्व्ह झाले नाही तर ६, जोडणी करता आली नाही तर ७, वेळ संपली तर २८, सर्व्हरने काहीच पाठवले नाही तर ५२, प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता आला नाही तर ६०. कुठे अडले हे या आकड्यांवरूनच कळते. डीएनएस सांभाळणाऱ्याला हाक मारायची की वेब सर्व्हर सांभाळणाऱ्याला, हे स्क्रिप्टला ठरवता येते.

मग ४०४चे काय? त्यासाठी कर्लने ‘फेल’ नावाचा पर्याय दिला. तो लावला की ४०० किंवा त्यापुढचा कोणताही एचटीटीपी निकाल अपयश धरला जातो आणि कोड २२ मिळतो. पण मग सर्व्हरने पाठवलेला चुकीबद्दलचा तपशील वाचायला मिळत नसे. २०२१ साली आवृत्ती ७.७६.० मध्ये आणखी एक पर्याय आला: अपयश कळवा, पण सर्व्हरचा मजकूरही हाती द्या. मूळ वागणूक मात्र बदलली नाही. जगभरच्या अगणित स्क्रिप्ट शून्यावर विसंबून आहेत. तो अर्थ एका रात्रीत बदलला तर चालू असलेल्या यंत्रणा बंद पडतील. जुन्या वापरकर्त्यांशी झालेला करार मोडायचा नाही आणि नव्या गरजेला दार उघडायचे, हे दोन्ही साधायचे तर पर्याय देणे हाच मार्ग राहतो. वापरणाऱ्याला ठरवू देण्याचा हा पहिला मोठा फायदा.

दुसरा फायदा उंबरठ्यांचा. ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ साली नेटसेंट नावाने सुरू केलेल्या आणि २००२ पासून नागिओस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॉनिटरिंग यंत्रणेने तपासणीच्या निकालासाठी चार आकडे ठरवले. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर, ३ म्हणजे अज्ञात. तिच्या ‘चेक-पिंग’ला आपण सांगतो: उत्तराला १०० मिलिसेकंद लागले किंवा नुकसान २० टक्क्यांवर गेले की इशारा द्या, ५०० मिलिसेकंद किंवा ६० टक्क्यांवर गेले की गंभीर समजा. हे आकडे साधनात कोरलेले नाहीत. सर्व्हर शेजारच्या खोलीत असेल तर १०० मिलिसेकंद म्हणजे काहीतरी नक्की बिघडले आहे. समुद्राखालच्या केबलने दुसऱ्या खंडात जायचे असेल तर तेवढा वेळ लागणारच. वाहिनी कोणती आणि तिच्यावर काय चालते, हे पिंगला ठाऊक नसते. ते ठाऊक असते ती चालवणाऱ्याला.

ही वाट पुढे अनेकांनी धरली. एकाच वेळी अनेक यंत्रांना पिंग करणारे ‘एफपिंग’ १९९२ पासून आहे. यादीतले एक जरी यंत्र पोहोचण्याबाहेर असले तर ते एरवी १ देते. आता त्याला ‘निदान इतकी यंत्रे पोहोचली तरी पुरे’ असे सांगता येते. पाच डीएनएस सर्व्हरपैकी तीन चालू असले तर ग्राहकाला काही जाणवत नाही. मग मध्यरात्री फोन वाजवायचा कशाला? सर्व्हरवर भार टाकून पाहणारे ‘के-सिक्स’ आपण ठरवलेला उंबरठा ओलांडला गेला की ९९ देते. समजा, आपण अट घातली की ९५ टक्के विनंत्यांना २०० मिलिसेकंदांच्या आत उत्तर मिळाले पाहिजे. ती पाळली गेली नाही, तर चाचणी सुरळीत पार पडूनही निकाल अपयशाचा येतो. चाचणीच चालली नाही, यासाठी तिथे वेगळे आकडे आहेत. हा फरक पाळलेला पाहून मला मनापासून आनंद होतो.

जिथे नकार हवा असतो

आता एक उदाहरण जवळून पाहू. डेटाबेस सर्व्हरचा ३३०६ हा पोर्ट बाहेरच्या जगाला बंद असला पाहिजे. तो खरोखर बंद आहे का, हे रोज बाहेरून तपासायचे आहे. इथे जोडणी झाली तर आपण हरलो आणि जोडणी नाकारली गेली तर जिंकलो. साधनाचे यश ते आपले अपयश.

अनेकजण इथे सरळ वाट धरतात. शेलमध्ये कमांडच्या आधी उद्गारचिन्ह टाकले की निकाल उलटा होतो: शून्याचा एक, आणि शून्याखेरीज कशाचाही शून्य. ‘एनसी’ या साधनाला ‘-झेड’ पर्याय देऊन पोर्ट तपासायचा, पुढे उद्गारचिन्ह लावायचे, झाले काम. पोर्ट बंद असला की एनसी १ देते, उद्गारचिन्ह त्याचा शून्य करते, अहवालात हिरवी खूण उमटते.

आता त्या यंत्राची नवी मांडणी झाली आणि एनसी टाकायचे राहिले. कमांड सापडत नाही, म्हणून शेल १२७ देतो. उद्गारचिन्ह त्याचाही शून्य करते. हिरवी खूण तशीच. सर्व्हरचे नाव बदलले आणि जुने नाव रिझॉल्व्ह होईना. एनसी १ देते, त्याचाही शून्य, पुन्हा हिरवी खूण. तपासणाऱ्या यंत्राची स्वतःची केबल निघाली, तरीही हिरवी खूण. एखाद्या दिवशी फायरवॉलचा नियम चुकून उडाला, पोर्ट सताड उघडा पडला, तरी ही तपासणी रोज ‘सुरक्षित’ म्हणत राहील, कारण ती होतच नाहीये. रक्ताचा नमुना वाटेत खराब झाला तर प्रयोगशाळा ‘रोग नाही’ असा अहवाल देत नाही. नमुना पुन्हा मागते. आपल्या स्क्रिप्टकडून मात्र आपण हा साधा विवेक मागत नाही.

हेच काम नीट करता येते. कर्लने तो पोर्ट गाठायचा प्रयत्न करायचा, जोडणीला मुदत द्यायची, आणि निकाल ७ किंवा २८ असेल तरच ‘बंद आहे’ म्हणायचे. ७ म्हणजे जोडणी होऊ शकली नाही; फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिले तर २८, म्हणजे वेळ संपली. नाव रिझॉल्व्ह झाले नाही तर ६ येईल, कर्लच नसेल तर १२७ येईल. त्या दोन्ही वेळी ‘तपासणी झाली नाही’ असे ओरडायचे. आणि शेजारी एक उघडा पोर्टही तपासायचा, म्हणजे आपल्याच बाजूची वाट बंद आहे का हेही कळते.

नागिओसच्या जगाने यासाठी ‘निगेट’ नावाचे छोटे साधन दिले. कोणत्याही तपासणीला ते गुंडाळायचे. सांगितल्याशिवाय ते फक्त ठीक आणि गंभीर या दोन निकालांची अदलाबदल करते. इशारा आणि अज्ञात यांना हात लावत नाही. हवे असेल तर कोणत्या निकालाचे काय करायचे, हे एकेक करून सांगता येते. उद्गारचिन्ह आणि निगेट यांत हा फरक आहे: पहिले सगळे अपयश एकाच पोत्यात भरते, दुसरे अपयशांतला भेद जपते. नागिओसच्या तपासणी-साधनांच्या त्याच संचातल्या ‘चेक-टीसीपी’त जोडणी नाकारली गेली तर ते ठीक, इशारा की गंभीर समजायचे, हे वापरणाऱ्याला ठरवता येते. सुरुवातीचे सेटिंग गंभीर असे आहे. पण सेवा दुरुस्तीसाठी मुद्दाम बंद असेल आणि यंत्र जागे आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर नकार हाच जिवंतपणाचा पुरावा ठरतो. बंद पडलेले यंत्र नकारही देऊ शकत नाही.

या संचाच्या लेखकांसाठी असलेल्या मार्गदर्शक नियमांत आणखी एक बारकावा आहे. चुकीचे पर्याय दिले, किंवा साधनाच्या आतच काही मोडले, तर ‘अज्ञात’ म्हणा. पण नाव रिझॉल्व्ह न होणे, सॉकेटची वेळ संपणे या गोष्टी ‘अज्ञात’खाली ढकलू नका, असे ते सुचवतात. म्हणजे नेटवर्कचे दुखणे नेटवर्कच्या खात्यात आणि साधनाचे दुखणे साधनाच्या खात्यात. मी मघाशी दिलेल्या उदाहरणात ६ला ‘तपासणी झाली नाही’ असे धरले, कारण तिथे प्रश्न बंद दाराचा होता. तिथे नियम आणि माझी गरज वेगळ्या दिशेला जातात, आणि म्हणूनच हा निर्णय शेवटी वापरणाऱ्याकडे असला पाहिजे, असे मी म्हणतो.

आकडा म्हणजे सल्ला

अपयशाचे आकडे शहाणपणाने वाटण्याचा एक जुना प्रयत्न ईमेलच्या जगातून आला. सेंडमेलचे कर्ते एरिक ऑलमन यांनी केलेल्या या यादीत ६४ पासून ७८ पर्यंतचे कोड आहेत. मॅकवरच्या पिंगचा ६८ याच यादीतला. ‘असे यंत्र सापडत नाही’ हा त्याचा अर्थ. ६७ म्हणजे असा वापरकर्ता नाही. आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा ७५: अपयश तात्पुरते आहे, नंतर पुन्हा प्रयत्न करा. पत्र पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमने ६७ दिला तर पत्र परत पाठवायचे. ७५ दिला तर रांगेत ठेवायचे. दोन्ही वेळी पत्र पोहोचलेले नाही, पण पुढची कृती अगदी वेगळी. चांगला अपयश कोड पुढच्याला काय करायचे ते सुचवतो, हे तत्त्व त्या यादीतून शिकावे.

मोकळीक आणि तिचे धोके

ठरवण्याचा अधिकार हाती आला की त्याबरोबर चुका करण्याचीही सोय येते. पहिला धोका आकड्यांच्या टकरीचा. मी माझ्या साधनाला अपयशासाठी १२४ हा कोड दिला आणि कोणी ते साधन ‘टाइमआउट’ या कमांडखाली चालवले, तर गोंधळ होईल, कारण वेळ संपली की टाइमआउटही १२४ देते. ‘एसएसएच’ दूरच्या यंत्रावरच्या कमांडचा कोड जसाच्या तसा परत आणते, पण एसएसएच स्वतः अडले तर २५५ देते; दूरच्या कमांडनेच २५५ दिला तर दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखता येत नाहीत. १२४ ते १२७ आणि १२८च्या पुढचा पट्टा आपल्या निकालांसाठी वापरू नये, हा साधा नियम पुष्कळ त्रास वाचवतो.

दुसरा धोका आठ बिटांचा. काही स्क्रिप्ट अपयशी ठरलेल्या यंत्रांची संख्याच एक्झिट कोड म्हणून देतात. तीन यंत्रे बंद, तर ३. कल्पना सुबक वाटते. पण २५६ यंत्रे बंद पडली तर? कोड आठ बिटांत बसवताना २५६चा शून्य होतो. ज्या दिवशी अख्खे डेटा सेंटर अंधारात जाईल, नेमके त्याच दिवशी ती स्क्रिप्ट ‘सगळे ठीक’ म्हणू शकते.

तिसरा धोका पाइपचा. पिंगचे उत्तर नोंदवून ठेवावे म्हणून ते पाइपने ‘टी’ कमांडकडे दिले, तर शेलला दिसतो तो टीचा कोड, पिंगचा नाही. फाइल लिहिली गेली, म्हणून शून्य. ‘पाइपफेल’ हे सेटिंग लावले तर आधीच्या कमांडचे अपयश बुडत नाही. २०२४च्या पॉझिक्स मानकात आता त्याला जागा मिळाली आहे.

चौथा धोका सवयीचा, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. तपासणी वारंवार अडते, म्हणून कोणीतरी कमांडच्या शेवटी ‘नाहीतर खरे माना’ अशी पुस्ती जोडतो. सिस्टमडीत कोणते कोड यशस्वी समजायचे त्याची यादी देता येते. गिटलॅबच्या पाइपलाइनमध्ये कोणत्या कोडना माफी द्यायची ते लिहिता येते. या सोयी उपयोगाच्या आहेत, कारण त्यांत नेमका कोड लिहावा लागतो. सरसकट माफी मात्र धोकादायक. नेमका आकडा माफ करणारा माणूस विचार करून माफ करतो. सगळेच माफ करणारा तपासणी बंद करतो आणि ती चालू असल्याचे नाटक ठेवतो.

या सगळ्याचा भार शेवटी माणसावर येतो. पुण्यात, मुंबईत, आणि आपली मुले-मुली जिथे जिथे रात्रपाळीला स्क्रीनसमोर बसलेली असतात तिथे, चुकीचा आकडा दोन प्रकारे त्रास देतो. निष्कारण लाल खूण रोज उमटली की ती पाहायची सवय होते, आणि एके रात्री खरी लाल खूण त्यांत हरवते. खोटी हिरवी खूण त्याहून वाईट, कारण तिच्यावर भरवसा ठेवून कोणी पाहतच नाही. पुढे बिघाड झाला की चौकशीत त्या रात्रीच्या मुलाला विचारतात, तुझे लक्ष कुठे होते? लक्ष जागेवर होते; त्याला दाखवला गेलेला आकडा चुकीचा होता. ही जबाबदारी साधन घडवणाऱ्यांची आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची आहे, आणि ती आपण मान्य केली पाहिजे.

काय करावे

साधने घडवणाऱ्या मित्रांना माझे सांगणे असे. मोजणे आणि निकाल देणे ही दोन कामे वेगळी ठेवा. मोजमाप तुमचे, उंबरठा वापरणाऱ्याचा. कोणत्या अपयशाला कोणता कोड द्यायचा, हे बदलण्याची सोय द्या. पण ‘तपासता आले नाही’ यासाठी एक कोड राखून ठेवा, जो कोणत्याही सेटिंगने शून्य होऊ शकत नाही. वापरणाऱ्याने काही सांगितले नाही तर साधन कसे वागते ते मॅन पेजवर ठळक लिहा आणि एकदा लिहिलेले सहजासहजी बदलू नका. आणि सेटिंग बदललेले असेल तर निकालाच्या ओळीत तसे छापा, म्हणजे सहा महिन्यांनी नोंद वाचणाऱ्याला कळेल की ही हिरवी खूण कोणत्या अटीवर मिळाली.

शिक्षकांना विनंती अशी की पिंग आणि कर्ल शिकवताना पडद्यावरच्या ओळींबरोबर डॉलर-प्रश्नचिन्हही पहिल्याच तासाला शिकवा. पिंग यशस्वी झाले म्हणजे नेमके काय झाले, हे विद्यार्थ्याला शब्दांत सांगता आले पाहिजे.

आणि तपासण्या लिहिणाऱ्या प्रत्येकाला: तपासणी चालू करण्याआधी ती मुद्दाम पाडून बघा. केबल काढा, खोटे नाव द्या, पोर्ट उघडा ठेवा, साधनाची फाइल दुसरीकडे हलवा, आणि प्रत्येक वेळी आलेला आकडा लिहून ठेवा. या चार प्रसंगी चार वेगळे निकाल मिळाले तर तुमची तपासणी विश्वासाला पात्र आहे. चारही वेळा एकच आकडा आला तर ती तपासणी अजून लिहून व्हायची आहे, असे समजा आणि पुन्हा कामाला लागा. यात जाणारा एक तास पुढे कोणाची तरी अख्खी रात्र वाचवतो.